माडीवरची उभी बाटली

१२ जानेवारी, रविवार

मतदान ठरलं! नऊ फेब्रुवारी, शाळेच्या दोन खोल्या. फक्त बायकांनी जायचं आणि चिठ्ठीवर दोन चित्रं: एक उभी बाटली, एक आडवी. आडवीवर शिक्के पुरेसे पडले की लालासाहेबाच्या देशी दारूच्या दुकानाला कायमचं कुलूप. पुरेसे म्हणजे गावातल्या एकूण बाईमतदारांत निम्म्याहून जास्त. घरात बसून राहिलेली बाईसुद्धा उभ्या बाटलीचीच, हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. गावात मला आता राहीबाई न म्हणता आडवीबाई म्हणतात. म्हणू देत. शाळेत पोरं माझ्या पाठीमागे याहून वाईट म्हणायची.

सुनेला बातमी सांगितली. ती माडीच्या जिन्यात उभी राहून नुसती बघत राहिली. "म्हंजे गावात मिळायचीच न्हाई?" म्हणाली. मी म्हटलं, "थेंब न्हाई." "बरं हुईल," म्हणाली आणि वर निघून गेली. पोर हळवी आहे.

प्रियदर्शनी तिचं नाव, मी दर्शनी म्हणते. सहावा लागलाय. आई नाही तिला, म्हणून बाळंतपण इथंच. आमचा साईराज तिकडे कोईमतूरला आहे. सोनं गाळायचं दुकान त्याच्या वडलांनी टाकलेलं, आता तो चालवतो. विट्याच्या आसपासची निम्मी पुरुषमंडळी अशीच देशभर भट्ट्या पेटवून बसलीत. आमच्या वेळी बायका गावात आणि नवरे तिकडे. हे वर्षातून एकदा जत्रेला यायचे, शेवटी आले ते कावीळ घेऊनच. एकट्या पुरुषाला बाटलीच सोबत करते, हे मी तेव्हाच ओळखलं. म्हणून लग्नाच्या मांडवातच दर्शनीला सांगितलं होतं, "त्याला एकट्याला सोडू नकोस. त्याच्या घशावर तुझा पहारा." आणि साईराज आज सुपारीच्या खांडालाही शिवत नाही. पहारा असा असावा.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. हळदीकुंकू आमच्याकडेच ठेवलं. विधवेनंही कुंकू लावायचं असा गावानं ठराव केलाय, तर मी चांगलं ठसठशीत लावलं. वाण म्हणून साबणाच्या डब्या, प्रत्येकीवर आडव्या बाटलीचं चित्र. अर्जुना म्हणाली, "बाई, आता आंघूळ करतानाबी तुमीच डोळ्यासमोर." ही शेजारची अर्जुना म्हणजे माझा उजवा हात, तोंडानं फटकळ.

दर्शनीच्या हातून तिळगुळाचं ताट पडलं. हात इतके थरथरत होते की मला वाटलं ताप आहे. बायकांसमोर माझ्यावरच खेकसली, "हुतंय एखाद्याच्या हातनं!" आणि वर गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण थोड्या वेळानं खाली आली ती अगदी टवटवीत. गाल लाल, तोंडात वेलदोडा. उखाणा घेतला, म्हातारींच्या नकला केल्या, सगळ्यांना हसवून सोडलं. गर्भारपणाची लहर, दुसरं काय. मला साईराजच्या वेळी खडू खावासा वाटायचा. हिला वेलदोड्याचे डोहाळे. किती मागवले तरी संपतातच.

१७ जानेवारी, शुक्रवार

सांगलीला जाऊन आलो. डॉ. ऋचा म्हणून आहेत, माझ्या भाचीएवढ्या, पण बोलणं ठाम. सोनोग्राफीत बाळ दिवसांच्या मानानं लहान दिसतंय. वजन वाढायला हवं. 

मग त्यांनी दर्शनीला विचारायला सुरुवात केली. खाता काय, झोपता किती, मिश्री लावता का, तंबाखू, दारू? मला हसूच फुटलं. मी म्हटलं, "अहो, कुणाच्या घरात विचारताय? मी आडव्या बाटलीची राहीबाई! आमच्या उंबऱ्याच्या आत वाससुद्धा येत नाही." त्या म्हणाल्या, "आजी, त्यांना सांगू द्या ना." आजी! केस काळे करत नाही म्हणून लगेच आजी. दर्शनीनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली बघून म्हणाली, "आई म्हंत्यात तसंच."

येताना गाडीत ती रडली. मी म्हटलं, "बाळ लहान हाय म्हणून रडायचं न्हाई, खायचं." घरी येऊन डिंकाचे लाडू वळायला घेतले. रात्री साईराजचा फोन आला. बाळाचं सांगितलं तर म्हणाला, "आई, तिला लय खोदून इचारत बसू नगंस." बायकोची काळजी करणारा नवरा. त्याच्या वडलांनी मला कधी विचारलं नव्हतं.

२० जानेवारी, सोमवार

दर्शनीचं कौतुक लिहून ठेवते. मी नको म्हणत असताना रोज संध्याकाळी पत्रकं चिकटवायला एकटीच जाते. आज कळलं की तिनं लालासाहेबाच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवरही पत्रकं लावलीत, एकावर एक. सिंहाच्या गुहेत जाऊन त्याच्याच मिशीला पीळ! अर्जुनाला सांगितलं. ती हसली नाही. "पोटुशी बाई, तिकडं कशाला जाती?" एवढंच म्हणाली. अर्जुनाला दुसऱ्याचं कौतुक सोसत नाही, हा तिचा जुना रोग.

लाडू मात्र डब्यात तसेच आहेत.

२२ जानेवारी, बुधवार

लिहायचं नव्हतं. पण शाळेत टाचण काढल्याशिवाय तास घेतला नाही, तशी आता लिहिल्याशिवाय डोकं चालत नाही.

सकाळी देवळातून येताना लालासाहेबानं गाठलं. हात जोडून, अदबीनं. "बाई, बाटली आडवी करा खुशाल. पर आधी सवताच्या माडीवरची बघा." मी म्हटलं, "तोंड सांभाळून बोल." तर म्हणाला, "माझ्या मागल्या दाराला लय पत्रकं चिकटल्यात. कोण लावतंय, ठावं हाय न्हवं? मी कुणाला काय बोललो न्हाई. तुमीबी सव्वीसला ग्रामसभेत बोलू नका. फिट्टंफाट."

मी त्याला काय काय बोलले ते मला आठवत नाही. घरी आले. दर्शनी न्हाणीत होती. मी माडीवर गेले. गादीखाली पाहिलं, कपाट पाहिलं. काही नाही. मनात म्हटलं, देवा, त्या हलकटाच्या जिभेला किडे पडोत. निघताना पत्रकांच्या खोक्याला पाय लागला आणि आत काचेचा आवाज झाला.

वर पत्रकं, खाली बाटल्या. दोन रिकाम्या, एक अर्धी. माझ्याच पत्रकांत गुंडाळून, फुटू नयेत म्हणून.

ती जिन्यात आली तेव्हा मी अर्धी बाटली हातात धरून बसले होते. मी विचारलं, "कवापास्नं? बाळ पोटात असताना?" तिनं होकाराची मान हलवली. मी तिच्या थोबाडीत मारली. पोटुशा सुनेला मारलं मी. त्या हाताचं काय करू ते कळत नाही.

सगळं न्हाणीत ओतलं. तिला सिद्धनाथाची आण घालायला लावली. फोन काढून घेतला. आणि माडीच्या दाराला बाहेरून कडी लावली. तिच्याच भल्यासाठी. दोन दिवस कळ काढली की सुटेल. एवढं काय असतं त्यात, मन घट्ट केलं की झालं.

२३ जानेवारी, गुरुवार

अर्जुना विचारत आली. मी सांगितलं, डॉक्टरनं झोपून राहायला सांगितलंय. आयुष्यात पोरांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरायला लावले, आणि आता माझं खोटं असं सहज येतंय.

बाहेर पडावं तर वाटतं सगळ्यांना ठाऊक आहे. आत बसावं तर माडीवरून तिच्या येरझाऱ्या ऐकू येतात. कडी तिच्या दाराला आहे, पण आज मीही उंबरा ओलांडला नाही. डॉक्टरकडे न्यावं का? मग नाव लिहिलं जाणार, कुणीतरी ओळखीचं भेटणार. विट्याचं माणूस सांगलीत शिंकलं तरी इथं कळतं. मतदान तोंडावर आलंय. मतदान झाल्यावर नेऊ. तोवर थेंब मिळणार नाही, म्हणजे काम झालंच.

साईराजला फोनवर सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्या नकळत ही असं कसं करत होती? तो म्हणाला, "मी नंतर बोलतो, गिऱ्हाईक हाय." धक्का बसला असेल त्याला.

२५ जानेवारी, शनिवार

काल उलट्या. आज पाणीही ठरेना. घामानं अंथरूण भिजलंय आणि थंडीनं दात वाजतायत. हात असे हलतात की पेला धरता येत नाही. पहिल्यांदा मी म्हटलं, "नाटकं बास कर." मग ती भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "आवं आई, मुंग्या काढा की. बाळाच्या अंगावर चालल्यात." भिंतीवर एकही मुंगी नव्हती. 

मांडीवर डोकं घेतलं. बाळ हलतंय का विचारलं. "सकाळपास्नं गप हाय," म्हणाली. मग मध्येच शुद्धीवर आल्यासारखी बोलायला लागली. जसं आठवतं तसं लिहिते.

"तुमीच म्हणाला व्हता, त्यांच्या घशावर पहारा ठेव. ते रोज बाटली आणायचे. दुकानात सोनं गाळायच्या तेजाबाचा धूर, छातीत बसतोय, त्येच्यावर उतारा हाय म्हणायचे. मी रडले, भांडले, जेवले न्हाई. ऐकंनात. मग म्हटलं, अर्धी म्या प्याले तर त्यास्नी अर्धीच उरंल. पयल्यांदा नाक दाबून प्याले, औषधावानी. मग नाक दाबायला लागंना. मग त्यांनी दोन आणायला सुरवात केली."

 मी धडा दिला होता आणि तिनं तो जीव लावून गिरवला होता. माझा सुपारीला न शिवणारा साईराज!

तिच्या कपाळावर हात फिरवत बसले. ती म्हणाली, "आई, थोडी द्या. बाळासाठी द्या. त्ये बी तडफडत आसंल." खरं सांगते, त्या क्षणी घरात असती तर मी दिली असती.

मग डॉ. ऋचांना फोन लावला. म्हटलं, "आमच्या नात्यातली एक सून आहे, तिला..." त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. शेवटी शांतपणे म्हणाल्या, "राहीबाई, तुमच्या नात्यातल्या सुनेला आत्ता घेऊन या. रोजची सवय असलेल्या बाईची दारू अशी घरात कोंडून एकदम तोडायची नसते. झटके आले तर आई आणि बाळ, दोघं जातील. दवाखान्यात औषधं देऊन सांभाळून उतरवतात. आणि कुणाला लाज वाटायचं काही कारण नाही, हा आजार आहे."

इथं सगळ्यांना गाडी पुरवणारा एकच, आणि त्याची गाडी लग्नाला गेलीय. पहाटे येईल म्हणाला. रुग्णवाहिका बोलावू का विचारलं तर दर्शनी माझा हात घट्ट धरून म्हणाली, "भोंगा नगो." मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

२६ जानेवारी, रविवार. सांगली, दवाखाना

पहाटे येतो म्हणालेली गाडी झेंडावंदन झाल्यावर आली. रस्ता चावडीवरूनच, आणि चावडीवर ग्रामसभा. मांडव, माईक, खुर्च्या, बायकांची ही गर्दी. माझ्याच सांगण्यावरून आलेल्या. गाडी मध्येच अडकली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मी दर्शनीच्या तोंडावरून पदर ओढला, तिचे हात माझ्या मांडीखाली दाबून धरले, दिसू नयेत म्हणून.

अर्जुना धावत आली. "बाई, माईक लावलाय, आन निघाला कुठं?" मी म्हटलं, "हिला सांगलीला नेते." "काय झालं?" मांडवात लालासाहेब पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता, माझ्याकडेच बघत. मी "पोटात कळा" असं म्हणणारच होते. कळ हा शब्द माझ्या ओठावर होता.

दर्शनीनं पदर काढला. "अर्जुनाकाकी, मला दारू लागती," म्हणाली. "रोज लागती. चार दिस मिळाली न्हाई म्हणून असं झालंय. बाळाला वाचवायला चाललोय." आवाज हलत होता, पण आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं.

अर्जुनानं गाडीच्या काचेवरचा हात काढून घेतला आणि ती एक पाऊल मागे सरली. मला तिचा राग आला नाही. आठवड्यापूर्वी कुणी मला असं सांगितलं असतं तर मीही सरले असते. मग तिनंच वळून गर्दीला हाळी दिली, "आगं सरा की बाजूला! बगत काय बसलाय!" गाडी निघाली.

माझी मान शरमेनं खाली होती. दर्शनीची नव्हती.

३० जानेवारी, गुरुवार

बाळाचे ठोके आहेत. पहिल्या दिवशी ते यंत्रातून ऐकले तेव्हा मी परिचारिकेच्या गळ्यात पडून रडले. हातांची थरथर उतरलीय. सलाईन, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, झोपेची औषधं मोजून.

आज डॉ. ऋचांना सरळ विचारलं, बाळाचं काय? त्यांनी गुळमुळीत उत्तर दिलं नाही. आईनं घेतलेली दारू नाळेतून बाळाच्या रक्तात जाते. वाढ खुंटते, मेंदूवर परिणाम होऊ शकतो, आणि थोडी चालते असं काही माप नाही. "झालेलं किती झालंय ते आज मला सांगता येणार नाही. काही जन्मल्यावर दिसेल, काही कदाचित शाळेत गेल्यावर. पण आजपासून न घेतलेला प्रत्येक घोट बाळाच्या उपयोगाचा आहे."

शाळेत गेल्यावर. माझ्या वर्गात असायची अशी पोरं. गणित शिकवलेलं दुसऱ्या दिवशी पुसून जायचं, एका जागी बसवायचं नाही. मी त्यांना मठ्ठ म्हणायचे. त्यांच्यातल्या एखाद्याची आई मला काही सांगायला आली होती का, ते आठवत बसले.

८ फेब्रुवारी, शनिवार

साईराज आला. वाळलाय. दर्शनीच्या पायाशी बसून रडला, मग माझ्या. सारखा वेलदोडे चघळत होता. प्रवासात पित्त होतं म्हणाला.

उद्या मतदान. अर्जुनाचे तीन फोन आले: "बाई, सकाळच्या गाडीनं या, शिक्का मारा, माघारी जावा." दर्शनीही म्हणते, जावा आई. साईराज म्हणतो, "मी बसतो की हिच्यापाशी."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पोटच्या पोराला बायकोजवळ एकटं ठेवायची मला भीती वाटते, हे लिहिताना हात जड होतोय.

९ फेब्रुवारी, रविवार

गेले नाही. घरात बसलेली बाई म्हणजे उभ्या बाटलीची बाई, असं मीच म्हणायचे ना? मग मी आज उभ्या बाटलीची.

संध्याकाळी अर्जुनाचा फोन आला. निम्म्याला पोचलो नाही. मोजून दाखवू का म्हणाली, मी नको म्हटलं. बऱ्याचजणी फिरकल्याच नाहीत. आडवीबाईच्या घरातच उभी, मग आपण कशाला, असं बोलल्या म्हणे. लालासाहेबानं फटाके उडवले. वर्षभराची पायपीट पाण्यात. उशीत तोंड खुपसून रडावंसं वाटलं, पण दर्शनी बघत होती.

फोन ठेवता ठेवता अर्जुना हळूच म्हणाली, "बाई, त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर द्या की. माझ्या जावंला पायजे." जावेलाच का, ते मी विचारलं नाही. नंबर दिला.

१६ फेब्रुवारी, रविवार. घरी

साईराजला सांगून टाकलं. आधी स्वतःचा उपचार, मग बाळाचं तोंड. हवं तर दुकान बंद पडू दे. तो आता सांगलीतच जातोय, डॉक्टरांनी सांगितलेल्या ठिकाणी. टिकेल का माहीत नाही.

माडीच्या दाराची कडी काढायला सुताराला बोलावलं. तो म्हणाला, आतनं लावायची राहू द्या, बाहेरची काढतो. तेवढंच हवं होतं.

दुकान जिथल्या तिथं आहे. माडीच्या खिडकीतून त्याचा दिवा दिसतो. खिडकीला पडदा लावला. पडद्यानं काय होतं म्हणा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. सांगली, दवाखान्याचा बाक

काल दर्शनी परसातून आली आणि माझ्या शेजारून गेली. वेलदोड्याचा वास आला. फक्त वेलदोडा होता की वेलदोड्याखाली दुसरं काही, मला ओळखता आलं नाही. रात्रभर विचारीन म्हटलं, विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं मला हवं तेच उत्तर दिलं असतं.

आज तपासणी. बाळाचं वजन थोडं वाढलंय, अजून कमीच. मग डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. झोप, जेवण, मिश्री, तंबाखू. "आणि दारू? गेल्या आठवड्यात एकदाही?"

माझं तोंड उघडलं होतं. "नाही हो, आता अगदी..." एवढं तयार होतं. दर्शनीनं माझ्याकडे पाहिलं, तसंच, मागच्या वेळी पाहिलं होतं तसंच. आई म्हणतील तसंच म्हणायला तयार.

मी उठले. म्हटलं, "मी बाहेर बसते." डॉक्टरांनी मान हलवली.  बाहेर येऊन दार ओढून घेतलं. या दाराला बाहेरून कडी आहे. माझा हात सवयीनं तिच्यावर गेला होता, तो काढून घेतला.

समोर एक सासू आपल्या सुनेचा कागद स्वतःच भरतेय. मी ही ओळ लिहितेय. आत काय चाललंय ते ऐकू येत नाही, फक्त आवाज कळतो. डॉक्टरांचा नाही, दर्शनीचा. बराच वेळ तीच बोलतेय.